पुढून जराशी कडक

गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला. बाबांचा फोन म्हणजे फोन नसतोच. धाडहून बुलडाण्यापर्यंत घातलेली हाक असते, मोबाइल फक्त शास्त्रापुरता. मी कचेरीत होतो. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी कानावरची मफलरची घडी सारखी करत विचारलं, "हुरड्याला बोलावतात वाटतं?" म्हणजे त्यांनाही अक्षर न् अक्षर ऐकू गेलं होतं.

"आयकून राह्यला काय बे? ज्वारी हुरड्यावर आली. ये रैवारी. आन् गाडी यंदा पुढून जराशी कडक वाटून राह्यली. गजूले सांग."

झालं. माझा हिवाळा तिथंच बसला.

लोकांना हुरडा म्हटलं की काय काय आठवतं! आगटीतला गवऱ्यांचा धूर, राखेतून ओढून काढलेलं कणीस, लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा. आमच्या कचेरीतले लोक तर हुरड्याचे फोटो एकमेकांना असे पाठवतात की पाहणाऱ्याच्या मोबाइलला धुराचा वास लागावा. मला मात्र पौष लागला की एकच वास येतो, शॉकअपच्या जुन्या तेलाचा. करडीच्या शिळ्या तेलात कोणीतरी मोजे उकळावेत तसा तो वास असतो. एकदा नाकात गेला की तो माणूस जन्मभर हुरडा निर्मळ मनानं खाऊ शकत नाही.

शॉकअप म्हणजे मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या त्या दोन नळ्या. आत स्प्रिंग, आत तेल. खड्ड्याचा मार आपण खायचा आणि वर बसलेल्याला कळू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. घरातल्या थोरल्या भावासारखं. आणि थोरल्या भावासारखेच ते एक दिवस आतून रिकामे होतात आणि मग सगळं घर दणके खातं.

आमची गाडी जुनी. किती जुनी ते विचारू नका. तिचा मूळ रंग कोणता यावर घरात दोन पक्ष आहेत. माय म्हणते लाल, बाबा म्हणतात काळा, आणि मी जन्मलो तेव्हापासून ती धुळीच्या रंगाची आहे. तिच्यावरून काय गेलं नाही? खताच्या गोण्या गेल्या, शेळी गेली, एकदा तर एक अख्खं लाकडी कपाट गेलं आणि कपाटात बाबांचा मेहुणा बसून गेला, कारण दुसरीकडे जागा नव्हती. फाट्यावर कोणी उभा दिसला की बाबांचा पाय आपोआप ब्रेकवर. "बस." अमुक कोण, कुठला, विचारायचं नाही. धाडच्या आसपास असा माणूस सापडणार नाही जो आयुष्यात एकदा तरी बाबांच्या मागं बसला नसेल. सापडलाच तर तो नुकताच जन्मला असेल, आणि त्याची माय त्याला पोटात घेऊन बसली असेल.

अशा माणसाच्या मनगटांनी दोन वर्षांपूर्वी दगा दिला. पडले नाहीत, झडले नाहीत. म्हातारपणानं हळूच येऊन दोन्ही मनगटांत सुया रोवल्या. गाडीचे पुढचे शॉकअप तेव्हा केव्हाच मेलेले. प्रत्येक खडा सरळ हँडलमधून मनगटात आणि मनगटातून दाढेत. डॉक्टर म्हणाले, दणका बसता कामा नये. आणि आमच्या वावराला जाणारी पांदण म्हणजे तर निव्वळ दणक्यांचं पीक. लोकांना वाटतं रस्त्याचे हाल पावसाळ्यात. चूक. पावसाळ्यात चिखल तरी मऊ असतो. पावसात ट्रॅक्टरनं काळ्या मातीत ज्या चाकोऱ्या पाडल्या, त्या हिवाळ्यात वाळून दगड होतात. त्यावर बैलगाडी नेली तर बैल वळून हाकणाऱ्याकडे बघतो.

त्या हिवाळ्यात बाबा फाट्यावर उभे राहायला लागले. वावराकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी गाडीची वाट बघत. मी रविवारी धाडला आलो तेव्हा लांबूनच दिसले. कानाला रुमाल, हातात दह्याचा डबा. गाड्या थांबतही होत्या, नाही असं नाही. पण बाबा हात करत नव्हते. हात करणं त्यांना येतच नव्हतं.

मी म्हणालो, "बाबा, मी नेतो ना तुम्हाले. बसा मांगं."

"मांगं बसून काय करू? मांगं बसलं का मले फकस्त तुही पाठ दिसते. वावर दिसत नाही."

"मंग नवी गाडी घेऊ. हलकी, सेल्फवाली."

"नव्या गाडीवर मी पाहुण्यावानी दिसन." मग चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदाच्या हुरड्याले मी माह्या हातानं गाडी घेऊन वावरात गेलो तर गेलो. नाहीतर देऊन टाक ते भंगारात. अंगणात उभी पाह्यली का जीव जळते."

म्हणून मी ठरवलं: शॉकअप बदलायचे. नुसते सील आणि तेल नव्हे. मोठ्या गाडीचे, जाड नळ्यांचे, तरुण शॉकअप या म्हातारीला बसवायचे. आणि मुदत होती हुरड्याची. हुरडा कोणासाठी थांबत नाही. आज दाण्यात दूध, चार दिवसांनी गोड, आणि नंतर एका सकाळी बघावं तर दाणा टणक. त्याची नुसती ज्वारी झालेली.

गाडी गेली गजूभाऊकडे. आमच्या जिल्ह्यात भर बाजारात "गजा" अशी हाक मारली तर निम्मा बाजार वळतो आणि उरलेला निम्मा म्हणतो, "मोठा का लहाना?" हा गजू मेकॅनिक. कामाला बरा, पण बोलायला त्याहून बरा. त्याची जीभ पान्याच्या आधी चालते.

"भाऊ," तो मला म्हणाला, "असं शॉकअप बसवतो का मांगं कोंबडी बसवा. अंडं घालन, पण उठणार नाही."

"मांगं कोंबडी नाही बसवायची. पुढं बाबा बसायचे आहेत."

"तेच म्हणतो ना मी!"

मोठ्या गाडीचे शॉकअप आले कुठून तरी जालन्याकडून, गोणपाटात गुंडाळून, लग्नातल्या नवरदेवासारखे. ते जुन्या गाडीला बसेनात. बसवले तर चाक बसेना. चाक बसलं तर मडगार्ड घासायला लागलं. मडगार्ड कापलं तर दिवा आकाशाकडे बघायला लागला. मी रविवारी रविवारी यायचो आणि प्रत्येक रविवारी गाडीचा एक नवा अवयव जमिनीवर पडलेला असायचा. "झालीच," गजूभाऊ म्हणायचा. त्याची "झालीच" ऐकता ऐकता आमच्या वावरात कणसं भरत होती. बाबा रोज पायी जाऊन यायचे आणि संध्याकाळी फोनवर ज्वारीची खबर द्यायचे, सीमेवरच्या शिपायासारखी. "अजून दूध हाय." "गोडी धरून राह्यली." "बांधाजवळची टणक व्हाले लागली."

शेवटी शॉकअप बसले. आणि इथून पुढं आमच्या गावानं घात केला.

आमच्याकडे एक रीत आहे. गॅरेजपुढं दुरुस्त झालेली गाडी उभी दिसली की येणारा-जाणारा ती दाबून बघतो. गाडी कोणाची, झालं काय, याच्याशी देणंघेणं नाही. पुढचा ब्रेक धरायचा, हँडलवर अंग टाकायचं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि मान हलवून निकाल द्यायचा. आजारी माणसाच्या कपाळाला आल्यागेल्यानं हात लावावा तसं. कोणी न दाबता पुढं गेला तर वाईट वाटतं. भांडण आहे की काय?

पहिला हात सुपडाभाऊचा. सुपडाभाऊ कांद्याचे व्यापारी. त्यांचा देह असा की बाजारात ते उभे राहिले की तीन दुकानांना सावली. त्यांनी हँडलवर अंग टाकलं आणि गाडीचं नाक जमिनीला लागायचंच बाकी राहिलं.

"गजू, हे काय बे? हे शॉकअप हाय का शिरा?"

बस्स. गजूभाऊची अब्रू गेली. त्यानं शॉकअपचं वरचं झाकण उघडलं आणि स्प्रिंगच्या डोक्यावर पाण्याच्या प्लास्टिक पाइपाचा बोटभर तुकडा बसवला, म्हणजे स्प्रिंग आधीच दबून राहील, कडक होईल. मग दुसरा कोणी आला, दाबलं, म्हणाला, "अजून जराशी पाह्यजे." अजून एक तुकडा. तेल पातळ वाटलं म्हणून जाड घातलं. मीही दाबलं. मी काही सुपडाभाऊ नाही, पण खुर्चीवरचं काम आहे आणि अंगाला लागतं. माझ्या लग्नातल्या कोटात आता माझा एक हातही शिरत नाही. मी दाबलं, म्हणालो, "थोडी अजून." अजून एक तुकडा. बाजारच्या दिवशी तर रांगच लागली. जीपवाले, बकऱ्यावाले, मोताळ्याकडून कोणाकडे तरी पाहुणे आलेले, सगळ्यांनी दाबलं. शेवटी सुपडाभाऊंनी पुन्हा अंग टाकलं. गाडी हलली, पण मोठ्या आदबीनं, सासऱ्यापुढं वाकावं तशी.

"हां! आता झाली मर्दाची गाडी!"

टाळ्या पडायच्या बाकी होत्या. मी त्याच आनंदात बाबांना बोलावून आणलं.

बाबा आले. कानाला रुमाल होताच. गर्दीनं वाट दिली. त्यांनी आधी टाकीवरून हात फिरवला, मग हँडलच्या मुठी धरल्या, ब्रेक दाबला आणि अंग टाकलं.

काही झालं नाही.

त्यांनी पुन्हा अंग टाकलं. टाचा जमिनीपासून उचलल्या गेल्या. गाडी उभीच. एखाद्या ओट्यावर हात टेकून उभं राहावं तसे बाबा तिच्यावर ओणवे राहिले, एवढंच. गर्दीत कोणीतरी खोकलं. सुपडाभाऊ एकदम कांद्याच्या भावाविषयी बोलायला लागले.

बाबांनी हात काढले आणि उपरण्याखाली घेतले.

"मजबूत झाली," ते म्हणाले. "चांगली झाली." आणि बाजारातून चालत निघून गेले.

मी जो भडकलो! गजूभाऊवर भडकलो, सुपडाभाऊवर भडकलो, पाइप बनवणाऱ्या कंपनीवर भडकलो. घरी जाऊन मायपुढंही तेच सुरू केलं, की गजूला अक्कल नाही, बाबांनी नीट दाबली नाही, ब्रेक अर्धाच धरला होता, त्यांना हवीच नव्हती दुरुस्त झालेली, मुळात त्यांना गाडी...

माय भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "त्यायच्या पायजम्याची नाडी पाह्यली काय रे तू?"

"नाडीचं काय मधातच?"

"आंधी गाठ मारून बोटभर उरे. आता गुडघ्यालोक लोंबते. सदऱ्याच्या शिवणी आत घेऊन घेऊन माह्ये डोये गेले. तुमी बाप्पा समदे हेल्यावानी माणसं त्या गाडीवर पडले, आन् चालवणार कोण? तो काटकुळा." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुह्या डोक्यात बाप अजून कपाट वाहून नेणाराच हाय."

तव्यावर भाकरी फुगली, माझं मात्र वारं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि गजूभाऊकडे गेलो. एकटा नाही. मायला घेऊन. धाडच्या इतिहासात गॅरेजमध्ये बाई येऊन गाडीवर पुढं बसल्याची नोंद नसावी. मायनं पदर खोचला, चपला काढल्या (देवळात शिरताना काढाव्या तशा), आणि बसली.

"काकू, तुमी?" गजूभाऊचा पाना हातातून पडला.

"माह्यं आन् त्यायचं अंग आता सारखंच हाय. घे, काय दाबाचं म्हनतोस ते सांग."

मायनं दाबलं. गाडी हलली नाही. "काढ," माय म्हणाली. पाइपाचा एक तुकडा निघाला. पुन्हा दाबलं. "काढ." जाड तेल निघालं, पातळ गेलं. "काढ." गजूभाऊचा चेहरा असा झाला होता की जणू त्याच्याच बरगड्या निघत आहेत. तेवढ्यात सुपडाभाऊ रस्त्यानं चालले होते. सवयीनं आत वळले आणि हात पुढं केला.

"सुपडाभाऊ," माय म्हणाली, "हात लावसान तर पाहा."

सुपडाभाऊंनी हात खिशात घातला. एवढा मोठा हात एवढ्या लहान खिशात कसा गेला ते मला आजही कोडं आहे.

शेवटचा बोटभर तुकडा मात्र गजूभाऊनं काढू दिला नाही. "एवढा राहू द्या काकू. माह्या इज्जतीचा हाय." मायनं दाबून पाहिलं. गाडी मऊ खाली गेली, मऊ वर आली. "राहू दे," ती म्हणाली.

बाबांनी गाडी नेली तेव्हा हुरडा जवळजवळ संपला होता. वावरभर ज्वारी टणक. बांधाच्या सावलीतली, उशिरा पेरलेली एक पट्टी तेवढी हिरवी उरली होती. पांदणीच्या तोंडाशी मी पायी पुढं येऊन उभा होतो. बाबांनी ब्रेक लावला आणि मला म्हणाले, "बस." मला! मी नाही म्हणणार होतो. माझ्या वजनानं मागचं चाक बसेल, पांदण खचेल, भूकंपाची बातमी येईल. पण ते पुढं बघत राहिले, आणि बाबांनी "बस" म्हटल्यावर बसला नाही असा माणूस आजवर झालेला नाही.

चाकोऱ्यांतून गाडी अशी गेली, जसं शेंगदाण्याच्या तेलातून बोट. पुढचं चाक वर-खाली नाचत होतं आणि हँडल शांत. बाबांची मनगटं शांत. ते गाडी हळू करून दोन्हीकडे बघत होते, ह्याची तूर कशी, त्याचा हरभरा कसा, मोठ्यानं, मागं न वळता सांगत होते. मी "हो, हो" करत होतो. मला त्यातलं काही दिसलं नाही. माझ्यापुढं पाठ होती. सदरा वाऱ्यानं फुगत होता, आणि वारा पडला की दोन्ही खांद्यांच्या हाडांवर जाऊन बसत होता.

त्या दिवशी आगटीपाशी बाबांनी कणसं चोळली. मनगटं दुखायला लागल्यापासून ते काम माय करायची. गरम कणीस तळहातात घ्यायचं, चोळायचं, फुंकर मारायची, फोलपट उडतं आणि हिरवे, ओले, वाफाळलेले दाणे उरतात. पहिली मूठ त्यांनी माझ्या हातात ओतली. दाणे अर्धे टणक होते. मी असे खाल्ले की जणू त्याहून मऊ हुरडा पृथ्वीवर पिकलाच नव्हता. दाढ अजून दुखते.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे गेल्या वर्षी, ते म्हणाले होते, जराशी कडक वाटते. तेव्हा गजूभाऊनं आपल्या इज्जतीचा तो शेवटचा तुकडा निमूट काढून दिला होता.

आणि यंदा हा फोन.

रविवारी मी धाडला गेलो. घरात टेकायच्या आधी अंगणातली गाडी काढून गजूभाऊकडे नेली. रस्ताभर ती माझ्याखाली बुडत होती. मी बसलो की ती नमस्कारच घालते, आणि ब्रेक लावला तर साष्टांग. गजूभाऊनं झाकण उघडलं, आत बोट घातलं, तेल बघितलं, पुन्हा बंद केलं.

"लोणी हाय भाऊ, लोणी. याहून मऊ शॉकअप मी जिंदगीत पाह्यलं नाही."

"बाबा कडक म्हणतात. काढ काहीतरी."

"काय काढू?" तो फडक्यानं हात पुसत राहिला, पुसून झालेले हात. "आता आत काढाले काही राह्यलंच नाही."

मी त्याच्यावर ओरडलो. चांगला ओरडलो. तेल बदल, स्प्रिंग बदल, मोठा मेकॅनिक म्हणवतोस, एवढं एक काम होत नाही! एरवी एका शब्दाला दहा देणाऱ्या त्या माणसानं उगाच एक नट खोलला आणि परत तसाच आवळला.

घरी आलो. बाबा अंगणात तयार होते. रुमाल, दह्याचा डबा.

"पाह्यली गजूनं?"

"हो," मी म्हणालो. "बरंच काय काय काढलं त्यानं. लय कडक होती."

बाबांनी डबा माझ्या हातात दिला. मुठी धरल्या, ब्रेक दाबला, अंग टाकलं. टाचा उचलल्या. गाडी जेमतेम बोटभर खाली गेली. एकदा. दोनदा. मग ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, जसं ते फाट्यावरच्या अनोळखी माणसाकडे कधीच बघत नसत.

"हाव," ते म्हणाले, "आता मऊ झाली."

आणि किक मारली. पहिलीत नाही, दुसरीत नाही, पण गाडी सुरू झाली.

"बस मांगं. कणसं टणक होऊन राह्यली."